ढगात एकट्याने उडताना हातात येऊन पडणारे दुसरे काम

निंबस (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यातील एक प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. येथे उडणारे आणि उडण्याविषयी नुसतेच कुतूहल असणारे असे दोन्ही प्रकारचे वाचक असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

माझे विमान एका इंजिनाचे, चार आसनांचे आहे आणि त्यात ऑटोपायलट नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न दिसता केवळ तबकड्या पाहून उडण्याची परवानगी, मिळून मला तीन वर्षे झाली. त्या दिवशी मी 6000 फुटांवर पूर्णपणे ढगात होतो. काचेबाहेर पांढुरक्या राखाडीशिवाय काही नव्हते आणि पंखाचे टोकसुद्धा धूसर दिसत होते. हवा मात्र विलक्षण शांत होती. विमान नीट ट्रिम केलेले (हात न लावताही सरळ राहील असे जुळवलेले) असल्यामुळे दोन बोटांनी धरले तरी सरळ जात होते. आता मागे वळून पाहताना वाटते की त्या शांततेनेच मला गाफील केले.

जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरने मार्ग बदलून दिला. त्यात पाच-पाच अक्षरांच्या तीन बिंदूंची नावे होती. पहिली दोन मी मांडीवरच्या पाटीवर लिहून घेतली, तिसरे नीट ऐकू आले नाही म्हणून पुन्हा विचारले, ते अक्षर अक्षर करून मिळाले आणि मी संपूर्ण मार्ग वाचून दाखवला. येथवर सारे ठीक होते. नंतर मी जीपीएसमध्ये नावे भरायला घेतली. माझ्या यंत्राची खुंटी दुहेरी आहे. बाहेरच्या कड्याने जागा पुढे सरकते आणि आतल्या कड्याने अक्षर बदलते. दुसऱ्या नावाच्या चौथ्या अक्षराशी माझे बोट एक खाच पुढे गेले, मी मागे फिरवले, तेव्हा ते दोन खाचा मागे गेले. ‘हे एवढे अक्षर लावतो आणि मग वर बघतो’ असे मी मनाशी म्हटल्याचे मला लख्ख आठवते.

वर पाहिले तेव्हा कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या तबकडीवर, विमान उजवीकडे जवळजवळ पस्तीस अंश कललेले होते. उंची 5600 फूट होती व आणखी उतरत होती, वेग वाढला होता आणि माझे सबंध शरीर मला ठामपणे सांगत होते की आपण सरळ चाललो आहोत. त्याच वेळी कंट्रोलरने उंची तपासायला सांगितले. मी थ्रॉटल थोडा मागे घेतला, पंख समतल केले आणि मग नाक वर घेतले. पंख समतल झाल्याबरोबर आपण डावीकडे कलंडलो आहोत असे वाटू लागले आणि ते वाटणे पुढची दोन-तीन मिनिटे गेले नाही.

कारण नंतर घरी खुर्चीत बसून शोधले. जीपीएस माझ्या उजव्या हाताला, खालच्या बाजूस आहे. तिकडे वाकलो की डावा हात नकळत योकला, म्हणजे विमानाच्या सुकाणूला, त्याच दिशेने ओढतो.

माझा प्रश्न असा : एकटे असताना, ढगात, असे दुसरे काम समोर आले की आपण नेमके काय करता? ‘लक्ष ठेवावे’ हे उत्तर मलाही ठाऊक आहे. हाताने, डोळ्याने, तोंडाने प्रत्यक्ष काय करता, ते सांगावे.

प्रश्नचिन्ह

मी वैमानिक नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमस्व. पस्तीस अंश म्हणजे बराच मोठा कल झाला. गाडी एवढी कलली तर झोपलेला माणूससुद्धा जागा होईल. मग आपणांस तो जाणवला कसा नाही?

कर्णपिशाच्च

माझा व्यवसाय कान-नाक-घशाचा असल्यामुळे ह्याचे उत्तर मी देतो.

अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव असतो. डोके फिरू लागले की नलिका फिरते, द्रव मागे राहतो आणि त्यामुळे आतले सूक्ष्म केस वाकून मेंदूला ‘फिरतो आहोत’ असा संदेश जातो. म्हणजे ही यंत्रणा फिरण्याच्या वेगातला बदल ओळखते, आणि तोही पुरेसा जोरकस असला तरच. साधारणपणे दर सेकंदाला सेकंदागणिक दोन अंशांहून कमी असा बदल तिच्या लक्षातच येत नाही. विमान हळूहळू कलत गेले तर कानाच्या दृष्टीने काहीही घडलेले नसते. शिवाय एकदा वळण स्थिर झाले की दहा-वीस सेकंदांत द्रव नलिकेचा वेग गाठतो आणि ‘फिरतो आहोत’ हा संदेश बंद पडतो. त्यानंतर आपण विमान सरळ केले की द्रव आधीच्याच दिशेने पुढे जात राहतो, केस उलट बाजूला वाकतात आणि मेंदूला वाटते की आपण आता दुसऱ्या बाजूला कललो. निंबस ह्यांना डावीकडे कलंडल्यासारखे वाटले ते ह्यामुळे. वैमानिक ह्याला ‘लीन्स’ म्हणतात.

गाडीची उपमा येथे चालत नाही, कारण गाडी कलली तरी गुरुत्वाकर्षण एका कुशीला ओढते. नीट समतोल वळणात विमानातील माणूस आसनात सरळ खालीच दाबला जातो. भरलेला पेला समोर ठेवला तर त्यातील पाणीही सांडणार नाही. जमिनीवर कानाची चूक डोळे लगेच दुरुस्त करतात. ढगात डोळ्यांना बाहेर काही मिळत नाही, म्हणून ती जबाबदारी सर्वस्वी समोरच्या उपकरणांच्या तबकड्यांवर येते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. वळणात असताना खाली पडलेली वस्तू उचलण्यासाठी झटकन वाकू नये. एका प्रतलात फिरणारे डोके दुसऱ्या प्रतलात हलले की एकाच वेळी दोन-तीन नलिका ढवळल्या जातात आणि आपण गडगडत चाललो आहोत असा अतिशय खरा वाटणारा भास होतो. दवाखान्यातील फिरत्या खुर्चीवर हा प्रयोग मी स्वतःवर केला आहे. भास होणार हे पक्के ठाऊक असूनही दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती.

जुना_पंखा

कर्णपिशाच्च ह्यांनी शरीराचा भाग उत्तम सांगितला. मी अनेक वर्षे इन्स्ट्रुमेंट उड्डाण शिकवत आलो आहे, तेव्हा हाताचा आणि डोळ्याचा भाग मी सांगतो.

1954 साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसू न देता उडवायला दिले. वीसही जणांचा ताबा सुटला आणि त्यासाठी लागलेला वेळ सरासरीने 178 सेकंद भरला. ही संख्या आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते आणि रेटिंग मिळाले की ‘ते आपल्यासाठी नव्हे’ असे म्हणून आपण ती विसरतो. माझे म्हणणे असे की रेटिंग असलेला माणूस ज्या क्षणी जीपीएसच्या खुंटीत डोके घालतो, त्या क्षणापुरता तो त्या विसांपैकीच एक असतो. तबकड्या वाचण्याचे कौशल्य तबकड्यांकडे पाहिले तरच उपयोगाला येते.

निंबस, तुमच्या लिखाणातील ‘हे एवढे अक्षर लावतो आणि मग वर बघतो’ हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. ढगातली लक्षविचलने बहुधा भयंकर नसतात. इंजिनाने आचका दिला तर माणूस खडबडून जागा होतो व सर्व तबकड्या वाचतो. घात करते ते जवळजवळ संपत आलेले काम. अर्धे झालेले काम सोडवत नाही, पाऊण झालेले तर त्याहून सोडवत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सुरुवातीलाच एक अप्रिय सवय लावतो : काम अर्धे टाकण्याची. दोन अक्षरे लावा, हात खुंटीवरून उचला, कृत्रिम क्षितिज, उंची, दिशा, पुन्हा कृत्रिम क्षितिज. मग पुढची दोन अक्षरे. हात खुंटीवर तसाच ठेवला तर डोळेही तिथेच परत जातात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता हात उचलेपर्यंत मी विद्यार्थ्याच्या मनगटाकडेच बघत बसतो.

दुसरे, वाचून दाखवल्याबरोबर भरायची घाई कशासाठी? नव्या मार्गाचा पहिला बिंदू कोणत्या दिशेला आहे तेवढे अंदाजाने पाहून विमान तिकडे वळवावे, पंख समतल करावेत, उंची व ट्रिम पुन्हा तपासावी आणि मग खुंटीला हात लावावा. वळणात असताना अक्षरे लावायचीच नाहीत. आधी विमान उडवणे, मग वाट धरणे, मग बोलणे, हा क्रम आपण सारे पहिल्या महिन्यात पाठ करतो. पण यंत्रात नाव भरणे ह्या तिघांपैकी कशात बसते, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते ती कारकुनी आहे व तिची जागा चौथी आहे.

थोडे विषयांतर. 24 सप्टेंबर 1929 रोजी जिमी डूलिटल ह्यांनी झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, केवळ तबकड्यांच्या आधाराने उड्डाण केले, फेरी मारली आणि उतरले. त्या दिवशी पुढच्या उघड्या आसनावर बेन केल्सी नावाचे दुसरे वैमानिक बसलेले होते आणि आपण काही करत नाही हे खालच्या लोकांना कळावे म्हणून त्यांनी हात बाहेर ठेवले होते. म्हणजे पहिल्या आंधळ्या उड्डाणालाही दोन माणसे होती. आपण मात्र मोकळ्या आसनावर नकाशांची पिशवी ठेवून निघतो.

गिरकी

इतक्या कसरती करण्याऐवजी ऑटोपायलट बसवून घ्यावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. माझ्या विमानात आहे. मार्ग बदलून मिळाला की मी आधी हेडिंगचे, म्हणजे नाकाची दिशा कायम ठेवण्याचे, बटण दाबतो, उंची धरून ठेवायला सांगतो आणि निवांतपणे भरतो. एकट्याने ढगात जायचे तर ही किमान साधनसामग्री मानायला हवी.

जुना_पंखा

गिरकी, साधन चांगले आहे ह्यात वाद नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याने ते अशा वेळी जरूर वापरावे. ‘निवांतपणे’ ह्या शब्दाला मात्र माझा आक्षेप आहे.

29 डिसेंबर 1972 च्या रात्री मायामीजवळ ईस्टर्न ह्या अमेरिकी विमान कंपनीच्या 401 क्रमांकाच्या उड्डाणाचे काय झाले ते आठवावे. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही, म्हणून ते मोठे लॉकहीड विमान 2000 फुटांवर ऑटोपायलटच्या हवाली करून कॉकपिटमधील सारे जण त्या दिव्यामागे लागले. कोणाच्या तरी धक्क्याने उंची धरून ठेवणारी व्यवस्था सुटली असावी. विमान इतके हळू उतरू लागले की कोणाला कळले नाही, उंची सुटल्याचा इशारा वाजला तोही कोणाच्या लक्षात आला नाही आणि विमान दलदलीत जाऊन आदळले. 176 पैकी 101 जण गेले. बिघाड होता तो दिव्याच्या बल्बमध्ये. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे म्हणतात, त्याचे ह्याहून करुण उदाहरण मला माहीत नाही. आणि तिथे ढगही नव्हता, एकटेपणाही नव्हता.

छोट्या विमानात आणखी एक अडचण असते. डाव्या टाकीतील इंधन संपत आले, उजवी बाजू जड झाली, तरी ऑटोपायलट मुकाट्याने तोल सांभाळत राहतो. पंखावर बर्फ धरू लागले तरी तसेच. आणि सांभाळणे आवाक्याबाहेर गेले की तो एकदम हात सोडतो, तेव्हा तुमचे डोके अर्ध्या भरलेल्या मार्गात असते. म्हणून तो चालू असतानाही डोळ्यांची फेरी तीच ठेवावी. कोणती पद्धत चालू आहे, हेडिंगची की जीपीएसच्या मार्गाची, हे बटणावर न वाचता पडद्यावरच्या अक्षरांत वाचावे. बटण दाबले म्हणजे पद्धत लागलीच असे नव्हे.

गिरकी

हेडिंगवर आहे असे समजून मार्गाच्या पद्धतीत उडत राहिल्याचा अनुभव मलाही एकदा आला आहे, तेव्हा शेवटचे वाक्य मान्य. ‘निवांतपणे’ मागे घेतो. तरीही निंबस ह्यांच्या विमानात ऑटोपायलट असता तर त्या दिवशी चारशे फूट गेले नसते, हे माझे म्हणणे कायम आहे.

टॉवरवाली

मी ह्या संभाषणाच्या दुसऱ्या टोकाला, रडारच्या पडद्यासमोर बसते, म्हणून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली म्हणजे, आम्हांला तुमचा कल दिसत नाही. उंची दिसते, पण शंभर फुटांच्या टप्प्यांत, आणि तीही अँटेनाची फेरी पूर्ण झाली की नव्याने. विमानतळाजवळच्या रडारची फेरी साधारण पाच सेकंदांची, लांब पल्ल्याच्या रडारची साधारण बारा सेकंदांची असते. त्यात आमच्यासमोर इतरही विमाने असतात. तेव्हा ‘उंची तपासा’ असे आम्ही म्हणेपर्यंत ती तीनशे-चारशे फुटांनी बिघडलेली असणे स्वाभाविक आहे. आम्ही तुमचे दुसरे वैमानिक आहोत असे कृपया धरून चालू नये.

दुसरी, ‘स्टँडबाय’ (जरा थांबा) म्हणायला लोक संकोचतात, तो संकोच मला आजवर कळलेला नाही. मी मार्ग सांगायला तयार आहे असे म्हटले आणि तुम्ही वळणात असाल, तर ‘स्टँडबाय’ एवढे म्हणून गप्प राहावे. मी थांबते. राग येत नाही. त्याऐवजी घाईने अर्धवट लिहून घेतलेला मार्ग तीन वेळा विचारला जातो, तेव्हा वेळ सर्वांचाच जातो.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाची : मार्ग भरायला वेळ हवा असेल तर हेडिंग मागून घ्या. ‘मी एकटा आहे, मार्ग भरेपर्यंत हेडिंग द्यावे’ असे साध्या शब्दांत सांगितले की मी एक आकडा देते आणि तेवढा वेळ तुम्हांला एकच दिशा सांभाळायची असते. अप्रोचच्या, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याच्या, आधी तयारी झाली नसेल तरीही असेच मागता येते. एकदोन मिनिटे वळसा घालून आणणे मला अवघड नाही. कानात आलेल्या प्रत्येक सूचनेचे काम त्याच क्षणी संपवलेच पाहिजे अशी समजूत करून घेतलेले वैमानिक आवाजावरून ओळखू येतात. वाक्याच्या मध्येच ते थांबतात, आणि तेव्हा माझी नजर आधी त्यांच्या उंचीच्या आकड्याकडे जाते.

प्रश्नचिन्ह

मोठ्या विमानांत खालच्या उंचीवर वैमानिकांनी गप्पा मारायच्या नाहीत असा नियम असल्याचे ऐकले होते. तो छोट्या विमानांना लागू नाही का?

जुना_पंखा

आपण म्हणता तो ‘स्टेराइल कॉकपिट’ नियम अमेरिकेत 1981 साली आला. 1974 मध्ये शार्लट येथे धुक्यात उतरणारे एक डीसी-9 प्रवासी विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळले होते आणि त्याआधी कॉकपिटमध्ये कामाशी संबंध नसलेल्या गप्पा चालू होत्या, ही त्यामागील एक ठळक घटना. नियम विमान कंपन्यांसाठी आहे आणि एरवी 10000 फुटांच्या खाली लागू होतो. खासगी छोट्या विमानाला तो बांधील नाही. आमची तर सारी उड्डाणेच त्या उंचीखाली होतात.

शेजारी प्रवासी असेल तर मी स्वतः तो नियम पाळतो. ढगात शिरण्यापूर्वी सांगतो की मी हात वर केला की बोलणे थांबवायचे. एकटे असताना गप्पा मारणारे कोणी नसते, परंतु मांडीवरचा टॅब्लेट असतो, आणि तो शेजाऱ्यापेक्षा जास्त बोलतो.

उलटा_वारा

धाग्यावर सहसा लिहीत नाही, पण दाराचा विषय अजून निघाला नाही म्हणून लिहितो.

उड्डाणानंतर सातशे-आठशे फुटांवर ढगात शिरलो आणि माझे उजवे दार उघडले. वरची कडी नीट बसली नव्हती, चूक माझीच. पूर्ण उघडत नाही, वाऱ्याच्या दाबामुळे चारेक बोटे फट राहते, परंतु आवाज असा होतो की विमानाचा तुकडाच गेला असे वाटावे. पाटीवरचा कागद फडफडत उडून फटीला जाऊन चिकटला. माझ्या पहिल्या तीन विचारांत विमान कुठेच नव्हते. दार, कागद, पुन्हा दार.

वाचलो ते एका फालतू कारणाने. पट्टा इतका आवळलेला होता की उजव्या दारापर्यंत हातच पोहोचला नाही. हात परत आला तेव्हा नजरही परत आली. पंख सात-आठ अंश कलले होते, तेवढ्यावर सावरले. मग ठरवले तितक्या उंचीपर्यंत चढलो, कंट्रोलरला परत यायचे आहे असे सांगितले आणि उघड्या दारानेच उतरलो. विमान उत्तम उडत होते. अशा वेळी विमाने पडतात ती बहुतेक दार लावण्याच्या खटाटोपात, हे मला शिकवलेले होते. त्या गोंगाटात ते आठवायला मला किती वेळ लागला, हे आठवले की अजून ओशाळल्यासारखे होते.

कर्णपिशाच्च

ओशाळण्याचे कारण नाही. अनपेक्षित मोठ्या आवाजाकडे मान वळणे ही विचाराच्या आधी घडणारी क्रिया आहे. आपल्या हाती असते ते त्यानंतरचे.

निंबस (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उलटा_वारा, त्या दिवसापासून माझा पट्टासुद्धा आवळलेला असतो.

काल ओळखीच्या एका प्रशिक्षकांना शेजारी बसवून, डोळ्यांवर हूड (बाहेरचे दिसू न देणारी झापड) लावून दीड तास उडालो. त्यांना मी हा धागा वाचायला दिला होता, ही माझी चूक झाली असे नंतर वाटले, कारण त्यांनी एकही गोष्ट सोडली नाही. वळणाच्या मध्यावर मार्ग बदलून दिला, रबरी चकती लावून दिशा दाखवणारी तबकडी झाकली, आणि मी भरायला घेतल्याबरोबर माझी पेन्सिल मुद्दाम खाली टाकली. ती घरंगळत पायाखालच्या रडर पेडलपाशी गेली. मी तिकडे पाहिले नाही. खिशात दुसरी होती आणि पाटीला दोऱ्याने बांधलेली तिसरी.

‘स्टँडबाय’ म्हटले, वळण पूर्ण केले, हेडिंग मागून घेतले आणि मग जुना_पंखा ह्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन अक्षरे, हात उचलणे, एक फेरी, पुन्हा दोन अक्षरे असे करत गेलो. हात उचलल्यावर मोठ्याने ‘पंख, उंची, दिशा’ असे म्हणत होतो. तोंडाने म्हटले की टाळता येत नाही, असे लक्षात आले. सुरुवातीला अतिशय चिडचिड झाली, विशेषतः एकच अक्षर उरलेले असताना हात उचलताना. तीन नावे भरायला चार मिनिटे लागली. त्या चार मिनिटांत उंची चाळीस फुटांहून जास्त हलली नाही, असे प्रशिक्षकांनी लिहून ठेवले आहे.

तिसऱ्या नावाचे शेवटचे अक्षर मात्र चुकले होते, आणि यंत्राने मुकाट्याने भलत्याच दिशेचा कुठला तरी बिंदू स्वीकारला होता. नकाशावरची रेघ वाकडी दिसली तेव्हा ते कळले. तोवर मी मागून घेतलेल्या हेडिंगवरच उडत होतो, त्यामुळे नाव पुसून पुन्हा भरायला घेतले. दोन अक्षरे, हात वर.